भग्न वास्तू, नदी आणि मुलाचा कागद



मुलांना ‘देखावा काढा’ असे सांगितले की बहुतेकांच्या कागदावर एकच चित्र उमटते : दोन त्रिकोणी डोंगर, मध्ये उगवता सूर्य, खाली वळणाची नदी, काठी कौलारू घर आणि माड. खेड्यातील मूल हेच काढते. मुंबईत नायगावच्या चाळीत वाढणारे मूलही हेच काढते. ते पाहत नाही, पाठ केलेले उतरविते.

वास्तविक नायगावच्या उत्तरेस, धारावीत, मिठी नदीच्या बाजूस काळा किल्ला भग्नावस्थेत उभा आहे. गव्हर्नर जॉन हॉर्न याच्या आज्ञेने तो १७३७ साली बांधला, असा लेख त्याच्या भिंतीवर कोरलेला आहे. त्याच वर्षी मराठ्यांनी नदीपलीकडील साष्टी जिंकली. आज किल्ल्यास दाट वस्तीने वेढले आहे आणि भरावामुळे नदीचे पात्र आक्रसले आहे.

असे स्थळ रंगविताना मुलांना प्रथम काही वेळ नुसते पाहू द्यावे. मग क्षितिजरेषा व मोठे आकार पेन्सिलीने हलकेच आखावे. आकाश व पाणी आधी, फिक्या रंगात. दूरचे फिके व निळसर, जवळचे गडद. प्रत्येक दगड काढू नये. ढासळलेली कड आणि भेगेतील झुडूप यांनीच वास्तूचे वय कळते. सावलीसाठी तयार काळा न वापरता निळा व तपकिरी मिसळावा. मुलांची एक चूक नेहमीची आहे : प्रतिबिंब वस्तूच्या सरळ खाली पडते, सावली मात्र उजेडाच्या विरुद्ध बाजूस. सावल्या सरकतात, म्हणून त्या आरंभीच टिपून ठेवाव्या.

पाणी गढूळ असेल तर गढूळच रंगवावे. तटाला झोपडी टेकली असेल तर ती गाळू नये. अठराव्या शतकाच्या अखेरीस पुण्याच्या गंगाराम तांबट या चित्रकाराने वेरूळची लेणी प्रत्यक्ष पाहून रेखाटली. ती चित्रे आज अभ्यासकांना पुराव्यासारखी उपयोगी पडतात.

प्रत्येक गावी पडकी गढी, वेस वा नदीचा घाट असतोच. वर्गाने वर्षातून एकदा तेथे जावे. चित्राखाली स्थळ व तारीख लिहवून ती शाळेत जपावी. पुढे ती भिंत पडली, तरी ती कशी होती हे गावाला त्या कागदावरून कळेल.