धुराडं ओढतंय का? – फर्नेस, एसी आणि सिटीचं पर्मिट

(मंडळाच्या शनिवारच्या सभेत केलेलं भाषण. बोलण्याच्या ओघातलं थोडं गाळून, थोडं नीटनेटकं करून इथे देत आहे.)



कार्यकारिणीचा फोन आला, "तुम्ही मेकॅनिकल इंजिनिअर, काहीतरी उपयोगाचं बोला." मी म्हटलं, फर्नेस आणि एसी बदलताना लागणाऱ्या पर्मिटवर बोलतो. आमची सौ. म्हणाली, "अहो, पर्मिटवर भाषण ऐकायला कोण येणार? निदान बटाटेवडे आहेत असं तरी कळवा." तर मंडळी, वडे आहेत. पण भाषणानंतर!

आधी एक छोटी परीक्षा. गेल्या दहा वर्षांत ज्यांनी घरातला फर्नेस, एसी किंवा वॉटर हीटर बदलला, त्यांनी हात वर करा. छान, अर्धा हॉल. आता त्यासाठी ज्यांनी सिटीचं पर्मिट काढलं होतं, त्यांनीच हात वर ठेवा... बघा, पटापट खाली आले. लाजू नका. २००८ साली कॅलिफोर्निया राज्याने ऊर्जाबचतीचा दीर्घकालीन आराखडा केला. त्यात असा अंदाज दिला होता की इथे बसणाऱ्या अशा यंत्रणांपैकी दहा टक्क्यांहूनही कमी कामांना कायद्याने लागणारं पर्मिट काढलं जातं. त्या उरलेल्या नव्वदांत मीही होतो. तीच गोष्ट आधी सांगतो.

२००७ सालचा जानेवारी. आमचं साउथ बे मधलं घर सत्तरच्या दशकातलं. हॉलच्या मधोमध एक कपाट, त्यात फर्नेस आणि वॉटर हीटर शेजारी शेजारी. दोघांचा धूर एकाच पाइपातून छपरावर जायचा. सांगलीहून आई-बाबा सहा महिन्यांसाठी आले होते आणि नेमका त्याच आठवड्यात फर्नेस बंद पडला. आई स्वेटरवर शाल, शालीवर रजई घेऊन बसलेली. ऑफिसातल्या एका मित्राने एक कॉन्ट्रॅक्टर सुचवला. तो आला, भाव सांगितला आणि म्हणाला, पर्मिट काढलं तर तीनएकशे डॉलर जास्त आणि आठवडाभर उशीर. नाही काढलं तर उद्या बसवून देतो. मी मित्राला विचारलं. तो म्हणाला, "अरे, घराच्या आत कोण बघायला येतंय?" झालं! दुसऱ्या दिवशी नवा कोरा, जास्त एफिशियन्सीचा फर्नेस बसला. घर ऊबदार. मी खूश, पैसे वाचले म्हणून डबल खूश.

दोन आठवड्यांनी आईचं डोकं दुखायला लागलं. रोज सकाळी. आम्ही म्हटलं जेट लॅग. मग म्हटलं, बंद घराची सवय नाही. बाबा म्हणाले, "तिला अमेरिकेची हवा मानवत नाही." आईबाबांची खोली त्या कपाटाला लागून होती, हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही.

छडा लावला तो आईनेच. एका दुपारी मला म्हणाली, "अरे, मी भांड्यांना गरम पाणी सोडलं की त्या कपाटाच्या दाराला ओल येते. आणि आत चुलीसारखं कोंदट वाटतं. तुझं धुराडं ओढत नाहीये बघ." मी हसलो. मी इंजिनिअर, आणि आई मला धुराडं शिकवतेय! तरी मनात शंका आली म्हणून गॅस कंपनीला फोन केला. त्यांचा माणूस आला, गरम पाण्याचा नळ सोडून वॉटर हीटर पेटवला आणि वरच्या हुडाच्या तोंडाशी छोटा आरसा धरला. आरसा धुकटला. म्हणजे धूर छपराकडे न जाता घरात येत होता. त्याने गॅस बंद केला, हीटरला लाल टॅग बांधला, सगळ्या खिडक्या उघडायला लावल्या आणि मला विचारलं, "या फर्नेसचं इन्स्पेक्शन कोणी केलं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

झालं काय होतं ते समजून घ्या, कारण आजही हे होतं. जुना फर्नेस आणि वॉटर हीटर मिळून तो रुंद पाइप गरम ठेवायचे. गरम हवा वर जाते, धुराडं ओढतं. नव्या फर्नेसचा धूर इतका थंड असतो की तो प्लॅस्टिकच्या वेगळ्या पाइपने बाहेर काढतात. मग त्या जुन्या रुंद पाइपवर एकटा वॉटर हीटर उरतो. त्याच्या एकट्याच्या धुराने पाइप तापत नाही, धूर मध्येच थंड होतो, त्यातली वाफ पाणी होऊन ओल येते आणि बाकीचा धूर उलटा घरात उतरतो. इथल्या ट्रेडमध्ये अशा हीटरला ‘ऑर्फन’, म्हणजे पोरका हीटर म्हणतात. उपाय सोपा असतो: त्या एकट्याला पुरेल असा लहान मापाचा पाइप टाकायचा. इन्स्पेक्टर आला असता तर त्या कपाटात त्याने सगळ्यात आधी हेच बघितलं असतं.

कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. आईला जाणवली ती धुराबरोबर येणारी वाफ. सीडीसीच्या आकडेवारीप्रमाणे आग वगळून, नुसत्या अपघाती कार्बन मोनॉक्साइडने अमेरिकेत दर वर्षी ४०० हून अधिक माणसं जातात आणि एक लाखाहून अधिक लोकांना इमर्जन्सीत न्यावं लागतं. आमच्या घरी तेव्हा त्याचा अलार्मही नव्हता. कॅलिफोर्नियात स्वतंत्र घरांना तो सक्तीचा झाला १ जुलै २०११ पासून. गॅसवर चालणारं एकही यंत्र घरात असेल किंवा गराज घराला जोडून असेल तर तो हवाच. आजच घरी जाऊन बघा आणि बटण दाबून वाजतो का तेही बघा.

पुढे मी सिटीत गेलो, झालेल्या कामाचं पर्मिट मागितलं, दंड म्हणून दुप्पट फी भरली. काउंटरवरच्या बाईंनी एका शब्दानेही टोचलं नाही. इन्स्पेक्टर आला, अर्ध्या तासात चार चुका लिहून दिल्या. त्यातली एक गॅसच्या पाइपची होती, जी आईलाही कळली नसती.

आता नियमांकडे येऊ. फिल्टर बदलणं, साफसफाई, एखादा छोटा भाग बदलणं, सुटा हीटर किंवा चाकांवरचा एसी आणणं, याला पर्मिट लागत नाही. पण फर्नेस, एसीचं बाहेरचं युनिट, हीट पंप, वॉटर हीटर बदलायचा तर कॅलिफोर्नियात लागतं. ‘जुनं काढून तस्संच नवं बसवतोय’ ही सबब चालत नाही.

"पण ऐन थंडीत फर्नेस मेला तर आठवडाभर कुडकुडायचं का?" नाही! बिल्डिंग कोडमध्येच सोय आहे. इमर्जन्सीत यंत्र आधी बदला आणि कामकाजाच्या पुढच्याच दिवशी पर्मिटचा अर्ज द्या. २००७ साली हे मला माहीत असतं तर त्या ‘आठवडाभर उशीर’ला मी फसलो नसतो. शिवाय आता बऱ्याच सिटींमध्ये साध्या बदलाचं पर्मिट ऑनलाइन मिळतं.

कॅलिफोर्नियात आणखी एक पायरी आहे. डक्टवाली यंत्रणा बदलली की बहुतेक घरांत डक्टची गळती मोजावी लागते. आधी मर्यादा १५ टक्के होती, २०२३ पासून १० टक्के. कॉन्ट्रॅक्टर मोजतो आणि नंतर तिसराच, स्वतंत्र माणूस पडताळतो. इतकी वर्षं त्याला हर्स रेटर म्हणायचे, २०२६ पासूनच्या कोडमध्ये त्याचं नाव ईसीसी रेटर झालं. कागद तीन: सीएफ-१-आर, म्हणजे काय बसवणार, सीएफ-२-आर, म्हणजे काय बसवलं, आणि सीएफ-३-आर, म्हणजे तपासून काय आढळलं. तिन्ही मागून घ्या. पैसे मोजून गरम केलेली हवा अ‍ॅटिकमधल्या उंदरांना द्यायची की बेडरूममध्ये आणायची, एवढाच हा प्रश्न आहे.

आता कॉन्ट्रॅक्टर. आपण मंडळी भाजीवालीशी घासाघीस करतो, पण वीस हजारांच्या कामाला ‘मित्राने सुचवला’ एवढ्यावर हो म्हणतो. कॉन्ट्रॅक्टर्स स्टेट लायसन्स बोर्डाच्या साइटवर नंबर टाकून बघा. या कामाचं लायसन्स आहे सी-२०. त्या लायसन्सवाल्याकडे २५,००० डॉलरचा बाँड हवा, आणि १ जानेवारी २०२३ पासून, हाताखाली माणसं असोत वा नसोत, वर्कर्स कॉम्प विमाही हवा. आगाऊ रक्कम एकूण किमतीच्या दहा टक्के किंवा १,००० डॉलर, यांत जी कमी असेल तेवढीच. दारावर येऊन कोणी सही घेतली तर तीन दिवसांत करार रद्द करता येतो, आणि सही करणारा ६५ वर्षांचा किंवा मोठा असेल तर पाच दिवसांत. आई-बाबा घरी एकटे असतात, त्यांना हे जरूर सांगून ठेवा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. "पर्मिट तुम्हीच ओनर-बिल्डर म्हणून काढा, स्वस्त पडेल," असं तो म्हणाला तर सावध व्हा. मग कामाची जबाबदारी तुमच्या गळ्यात. काम करणाऱ्याने पर्मिट काढायचं, आणि न काढणं ही लायसन्सवर कारवाई होण्यासारखी चूक आहे. पर्मिट काढून थांबू नका, फायनल इन्स्पेक्शन झाल्याशिवाय शेवटचा चेक देऊ नका. फायनल न झालेलं पर्मिट एक्सपायर होतं आणि घर विकताना वर येतं. विकताना जो डिस्क्लोजर फॉर्म भरतो त्यात सरळ प्रश्न आहे: पर्मिटशिवाय काही बदल केलेत का? तिथे खोटं लिहायचं की किंमत कमी करून घ्यायची, हा पेच दहा वर्षांनी पडतो.

न्यू जर्सी, टेक्सासहून आलेले पाहुणे विचारतील, आमचं काय? नियम राज्यागणिक आणि गावागणिक वेगळे. न्यू जर्सीत मास्टर एचव्हीएसीआर लायसन्स असतं, टेक्सासमध्ये नंबरापुढे टीएसीएल ही अक्षरं असतात. पर्मिटचं मात्र आपल्या गावाच्या बिल्डिंग डिपार्टमेंटला एक फोन करून विचारा. फोन फुकट आहे.

तपासणीची गरज आता वाढली आहे, कमी झालेली नाही. आर-२२ हा जुना गॅस १ जानेवारी २०२० पासून नव्याने बनत नाही, बाहेरून येतही नाही. २०२५ पासून घरांसाठी बनणाऱ्या नव्या यंत्रणांत आर-४१०ए ही नाही. नवे गॅस, आर-३२ आणि आर-४५४बी, पृथ्वीला कमी तापवणारे आहेत, पण थोडेसे ज्वालाग्राही आहेत. हीट पंप घेतलात तर विजेचं वेगळं सर्किट लागतं, जुन्या पॅनलला झेपेल का ते बघावं लागतं. आणि फेडरल टॅक्स क्रेडिटच्या हिशेबाने कोणी गळ घातली तर लक्षात ठेवा, ३१ डिसेंबर २०२५ नंतर बसवलेल्या यंत्रांना ते मिळत नाही.

बरेच जण म्हणतात, पर्मिट म्हणजे सिटीची पैसे उकळायची युक्ती. मीही म्हणायचो. आपण ज्या देशातून आलो तिथे शिक्का म्हणजे खेटे आणि चिरीमिरी, म्हणून सरकारी कागद दिसला की बगल द्यायची हे आपल्या अंगात भिनलंय. पण इथे त्या तीनएकशे डॉलरमध्ये एक माणूस घरी येतो, ज्याला त्या फर्नेसवर कमिशन नसतं, आणि आपल्याला जे दिसत नाही ते बघून जातो. मी पैसे वाचवले ते आईच्या उशाशी धूर सोडून. दोन आठवडे ती रोज सकाळी डोकं धरून बसायची आणि मी तिला चहाबरोबर टायलेनॉल द्यायचो. हे आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

पाइप बदलला, फायनल झालं, तिसऱ्या दिवशी आईचं डोकं थांबलं. इन्स्पेक्टर सही करून निघाला तेव्हा आईने त्याला थांबवून बेसनाचा लाडू दिला. "नियमात बसत नाही," असं म्हणून त्याने हात जोडले. मग लाडू मीच खाल्ला, आणि आई म्हणाली, "आता कोणी नवं काही बसवलं की आधी विचारत जा, बघायला कोण येणार आहे?"

तेवढं तुम्हीही विचारा. चला, वडे थंड होतायत.