मिन्स्टर लव्हेलचा वाडा



इंग्लंडमधील ऑक्सफर्डशायर परगण्यात विंडरश नावाची एक लहानशी नदी आहे. तिच्या काठी, मिन्स्टर लव्हेल या खेड्यातील चर्चला लागून, एका मध्ययुगीन वाड्याचे भग्नावशेष उभे आहेत. विल्यम लव्हेल या धनाढ्य सरदाराने इ. स. १४३० नंतरच्या काही वर्षांत तो बांधला. मध्ये चौक, तीन बाजूंस दालने, चौथ्या बाजूस नदी, अशी त्याची रचना होती. जवळच गोल कबुतरखाना आहे. सरदारांच्या ताटात त्या काळी कबुतरांची पिल्ले असत.

विल्यमचा नातू फ्रान्सिस हा तिसऱ्या रिचर्ड राजाचा जिवलग मित्र. १४८५ साली बॉसवर्थच्या रणांगणावर रिचर्ड पडला आणि विजयी सातव्या हेन्रीने फ्रान्सिसची मालमत्ता जप्त केली. १४८७ साली स्टोकच्या लढाईत पुन्हा पराभव झाला. त्यानंतर फ्रान्सिसचे काय झाले, हे इतिहासाला ठाऊक नाही. आख्यायिका मात्र सांगते की, १७०८ साली वाड्यात धुराड्याचे काम चालू असता एक तळघर उघडले, आत मेजाशी बसलेला सांगाडा दिसला आणि वारा लागताच त्याची माती झाली! ते तळघर आज अवशेषांत कोठेही दिसत नाही.

१७४७ च्या सुमारास वाडा पाडण्यात आला. त्याचे दगड इतर बांधकामांसाठी गेले आणि उरलेल्या भिंतींच्या आश्रयाने शेतीची कोठारे उभी राहिली. १९३० नंतरच्या दशकात सरकारने हे अवशेष संरक्षणाखाली घेतले. तथापि सरकारने वाडा पुन्हा बांधला नाही. उभे होते ते पक्के केले. जेथे भिंत संपली, तेथे ती संपू दिली. नवे बांधकाम झाले असते, तर जुने कोणते आणि कल्पित कोणते, हे पाहणाऱ्यास कळले नसते. आपल्या पुरातत्त्व खात्यालाही सर जॉन मार्शल यांनी १९२३ सालच्या मार्गदर्शक पुस्तिकेत हाच दंडक घालून दिला होता.

सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने आपणही मंडळाचा इतिहास लिहीत आहोत. जुने कागद जपावेत, वडीलधाऱ्यांच्या आठवणी आठवणी म्हणूनच नोंदवाव्यात आणि जेथे दुवा तुटला असेल, तेथे तो तुटला आहे असे मोकळेपणाने लिहावे, एवढीच माझी विनंती आहे. पुढील पिढीचा आपल्या लिखाणावर विश्वास बसावयाचा असेल, तर याला दुसरा मार्ग नाही.