सणाचा खर्च मांडतो, तसा मनाचा भारही मांडूया

(प्रभागसंघाच्या दिवाळीआधीच्या बैठकीत क्षेत्र समन्वयकांनी केलेली मांडणी)



दिवाळी तोंडावर आली. बचत, परतफेड सगळं लिहून झालं. आता अजून एक विषय घेऊ. आपल्या दशसूत्रीत आरोग्याचं सूत्र आहे. आरोग्य म्हटलं की आपण रक्त, बीपी, शुगर बोलतो. मनाचं नाव कुणी काढत नाही. आज तेच काढायचं आहे.

आपल्याकडं सण येतो तो ऐन कामाच्या गर्दीत. सोयाबीनची मळणी, कापसाची वेचणी, आणि त्यातच घर झाडायचं, गोधड्या धुवायच्या, फराळ करायचा. दिवसभर रानात, रात्री उशिरापर्यंत कढईपुढं. लेकी येणार, त्यांना साडीचोळी करायची. मालाला भाव नसेल तर पैसा आणायचा कुठून? ऊसतोडीला जाणाऱ्या घरात उचल आधीच खर्च झालेली असते आणि लेकरं आजीपाशी ठेवून निघायचं असतं. ज्या घरातलं माणूस यंदा गेलं, तिथला हा पहिला सण. वर सगळे म्हणणार, सणासुदीचं रडू नको. मग बाई रडत नाही. ती म्हणते, डोकं दुखतंय.

म्हणून खुणा ओळखा. झोप न लागणं, छातीत धडधड, जेवणावरची वासना जाणं, लेकरांवर विनाकारण हात उगारणं, कशातच मन न लागणं. सणाच्या धावपळीत चार दिवस असं झालं तर विश्रांतीनं बरं वाटतं. पण दोन आठवडे रोज असंच होत असेल तर तो आजार असू शकतो. ती बाहेरची बाधा नाही, आणि बाईचा आळसही नाही. त्याला औषध आहे, उपचार आहे. आशाताईंना सांगा, उपकेंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात दाखवा.

आता सणाच्या दिवसात काय करता येईल ते सांगते.

पहिलं, कामाची वाटणी. कामं मोठ्यानं बोलून वाटा. "मीच करते" म्हणून गप्प बसलात तर घरच्यांना ती कामं दिसतच नाहीत. पोरगा जाळी-जळमटं काढू शकतो, मालक भाजणी दळून आणू शकतात. सात पदार्थांऐवजी तीन केले तरी लक्ष्मी रुसत नाही. चार-पाच जणींनी एका घरी बसून आळीपाळीनं चकल्या-करंज्या केल्या तर कामही उरकतं आणि बोलणंही होतं.

दुसरं, पैसा. बाजारात जाण्याआधी खर्च कागदावर मांडा, नवऱ्याला सोबत बसवून. एका कंपनीचा हप्ता फेडायला दुसऱ्या कंपनीचं कर्ज घेऊ नका. सणाचे चार दिवस जातात, पण हप्ता दर आठवड्याला दारात येतो आणि झोप तिथंच उडते. अडचण असेल तर आधी गटात मांडा. अंतर्गत कर्ज त्यासाठीच आहे.

तिसरं, शरीर. उपास असला तरी बीपी-शुगरची गोळी स्वतःच्या मनानं बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. मनाच्या आजाराची गोळी चालू असेल तर तीही सोडायची नाही. आणि रात्रीची झोप मोडून अनारसे करू नका.

चौथं थोडं अवघड आहे. आपल्याच गटातल्या ज्या बहिणींचे पती वारले, त्यांना हळदीकुंकवाला आपण बोलावतो का? वर्षभर सोबत बसून बचत करतो आणि सणाला त्यांना बाजूला ठेवतो. त्या दिवशी तिच्या मनाला काय वाटत असेल? कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात शासनानंही इतर गावांना तसं करायला सांगितलं. ठराव गावाचा होईल तेव्हा होईल, आमंत्रण तर आपल्या हातात आहे. मात्र तिला यावंसं वाटत नसेल तर ओढू नका. तिच्या घरी जाऊन बसा.

एखादी बोलायला लागली तर ऐका. "माझं तर तुझ्याहून वाईट" म्हणू नका, उपदेश करू नका. आणि तिचं बोलणं पाणवठ्यावर न्यायचं नाही.

पण "जगून काय करू" असं कुणी म्हणालं तर ते हसण्यावारी नेऊ नका. जीव द्यायचा विचार येतो का, हे सरळ विचारा. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बाई मोकळी होते. तिला एकटं सोडू नका. फवारणीचं औषध घरातून हलवा. विश्वासातलं माणूस बोलवा आणि दवाखान्यात न्या. 14416 हा सरकारचा टेलिमानस नंबर आहे. फोन फुकट लागतो, रात्री-बेरात्रीही उचलतात आणि मराठीतून बोलता येतं. दारू पिऊन घरात मारहाण होत असेल तर 181 आहे. जिवावर बेतलं तर 112. तिन्ही नंबर इतिवृत्ताच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून घ्या.

दिवाळी झाली की लेकी सासरी जातात, तोडणीची माणसं गाव सोडतात. घर रिकामं होतं. मागं राहिलेल्या आज्यांकडं आणि लेकरांकडं तेव्हा एक चक्कर टाका.

भाऊबीजेनंतरच्या पहिल्या बैठकीत प्रत्येक गटानं बचत गोळा करण्याआधी दहा मिनिटं काढायची. "सण कसा गेला?" एवढंच एकमेकींना विचारायचं आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत थांबायचं. जी त्या बैठकीला आलेली नसेल, तिच्या घरी दोघींनी त्याच दिवशी जाऊन यायचं. ही जबाबदारी कोण घेणार, त्या दोघींची नावं आज उठण्याआधी ठरवूया.