पाच वॉटचा आवाज



व्याख्यानमालेच्या चालकांनी विषय विचारला तेव्हा बोनस, किमान वेतन, नाहीतर कंत्राटी कामगार यांपैकी काहीतरी मी सांगेन, अशी त्यांची समजूत होती. मी म्हटले, गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरवर बोलतो. चिटणीस क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "बोला, पण संप कुठेतरी येऊ द्या!" संप येईल की नाही ते सांगत नाही, कामगार मात्र येतील.

माझे शाळेतले शिक्षण आठवीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते वाचनालयात, गेटसभांत आणि दुरुस्तीच्या टेबलावर. युनियनचा सभेचा लाउडस्पीकर बिघडला की तो उघडण्याचे काम माझ्याकडे येई, आणि त्या नादातून मी जुन्या व्हॉल्व्हच्या यंत्रांकडे वळलो. ट्रान्झिस्टर येण्यापूर्वीचे रेडिओ ज्यांनी पाहिले असतील त्यांना आतले ते तांबूस उजेडाचे काचेचे दिवे आठवतील. घरच्या रेडिओतून ते केव्हाच गेले. गिटारवाल्यांनी मात्र त्यांना सोडलेले नाही.

अमेरिकेत कॅलिफोर्नियातील फुलरटन या गावी लिओ फेंडर नावाचा गृहस्थ होता. जन्म 1909चा. शिक्षण हिशेबनिसाचे, मंदीच्या काळात नोकरी गेली, तेव्हा 1938 साली त्याने रेडिओदुरुस्तीचे दुकान टाकले. विद्युत्शास्त्र तो आपले आपण शिकला. गिटार त्याला वाजवता येत नसे, हे विशेष. वाजवणारे लोक दुकानात येत, तक्रारी सांगत, आणि तो ऐकून घेई. त्याच्या कारखान्यातून पुढे 'चँप' नावाचा एक लहानगा अ‍ॅम्प्लिफायर निघाला. शिकाऊ मुलांसाठी केलेला, सर्वांत स्वस्त. 1950च्या दशकाच्या उत्तरार्धातील त्याचे जे रूप प्रसिद्ध आहे त्यात अवघे तीन व्हॉल्व्ह, आठ इंचांचा एक लाउडस्पीकर आणि आवाज कमीजास्त करण्याची एकच खुंटी. शक्ती सुमारे पाच वॉट. त्याची आकृती एका पानावर मावते. म्हणून ज्याला हे शास्त्र शिकायचे आहे त्याने येथूनच सुरुवात करावी, असे माझे मत आहे. मीही एक तसाच जुळवून घेतला आहे.

आता 'चांगला आवाज' म्हणजे काय? इंजिनियराच्या पुस्तकात याचे उत्तर सोपे आहे: जे आत गेले तेच मोठे होऊन बाहेर यावे, त्यात यंत्राने आपल्या पदरचे काही घालू नये. व्हॉल्व्हवर ताण आला की तो ध्वनिलहरीचा माथा दाबतो, आणि लहरीच्या दोन बाजू सारख्या राहत नाहीत. पुस्तक म्हणते, हा दोष. पण या दोषामुळे निघते काय? तारेचा सूर 110 कंपनांचा असेल तर त्याबरोबर 220चा, 330चा असे सूर निघतात. 220 म्हणजे तोच सूर, वरच्या सप्तकातला. आपल्याकडे मिरजेला तंबोरे करणाऱ्या कारागिरांना हे कोणी शिकवावे लागत नाही. घोडीचा माथा घासून, तारेखाली सुताचा दोरा सरकवून ते जी जवारी काढतात ती याच जातीची. दोरा काढा, तार स्वच्छ वाजेल, आणि गवई उठून जाईल.

गिटारवाल्यांनाही हे पुस्तकातून कळले नाही. 1951 साली मेंफिस येथे 'रॉकेट 88' हे गाणे ध्वनिमुद्रित झाले. वादकांचा अ‍ॅम्प्लिफायर वाटेतच बिघडला होता. त्यात कागद कोंबून वेळ मारून नेली. तो घरघरणारा आवाज लोकांना आवडला. 1964 साली लंडनमध्ये 'किंक्स' या मंडळीतला डेव्ह डेव्हिस या मुलाने एल्पिको नावाच्या आपल्या छोट्या अ‍ॅम्प्लिफायरचा लाउडस्पीकर दाढीच्या पात्याने चिरला आणि त्यातून 'यू रिअली गॉट मी'चा आवाज काढला. तुम्ही हे करू नका! लाउडस्पीकर एकदाच चिरता येतो. त्याहून शहाणे उपाय आहेत.

पहिला उपाय एका तारेचा आहे. 1927 साली बेल प्रयोगशाळेतला हॅरल्ड ब्लॅक न्यूयॉर्कला कामावर जाण्यासाठी होडीतून नदी ओलांडत असता त्याला एक युक्ती सुचली, आणि ती त्याने हातातल्या वर्तमानपत्राच्या पानावरच मांडली. दूरच्या टेलिफोनमध्ये एकामागून एक अनेक अ‍ॅम्प्लिफायर लागत आणि प्रत्येकाचा दोष पुढच्यात जाऊन साठे. ब्लॅकची युक्ती अशी की, बाहेर पडणाऱ्या आवाजाचा थोडा अंश उलटा करून पुन्हा आत सोडायचा, म्हणजे यंत्राने स्वतःहून घातलेली भर छाटली जाते. याला निगेटिव्ह फीडबॅक म्हणतात. चँपमध्ये लाउडस्पीकरपासून मागे दुसऱ्या टप्प्याच्या कॅथोडला 22 हजार ओहमचा एक रेझिस्टन्स गेला आहे, तो याच कामाचा. त्याचा एक पाय सोडवा. आवाज थोडा वाढतो, मोकळा होतो, आणि खुंटी निम्म्यावर येते न येते तोच खरखरीत होऊ लागतो. गुणगुणही किंचित वाढते, हे सांगितले पाहिजे. मी तो पाय तोडून टाकीत नाही, मध्ये एक बटण बसवतो. ज्याला स्वच्छ हवा त्याला स्वच्छ. आणखी एक खूण लक्षात असू द्या: आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या तारा उलट लागल्या तर हीच तार छाटण्याऐवजी भर घालू लागते आणि यंत्र किंचाळते. ते भूत नव्हे, तारा बदला.

दुसरा उपाय पहिल्या व्हॉल्व्हच्या कॅथोडचा. तेथे दीड हजार ओहमचा रेझिस्टन्स आहे. त्याला जोडून एक कंडेन्सर लावला की आवाज वाढतो. लोक सरसकट 25 मायक्रोफॅरडचा लावतात. त्याने खर्जापासून सगळेच उचलले जाते. पण गिटारची सर्वांत जाड तार 82 कंपनांची, आणि आठ इंचांच्या कागदाला तो खर्ज पेलत नाही. तो नुसता चिखल करतो. 0.68 मायक्रोफॅरडचा लावा. हा सुमारे दीडशे कंपनांच्या वरचे उचलतो आणि खालचे होते तेथेच ठेवतो. एकदम अक्षर न् अक्षर कळू लागते. सभेत बोलणाऱ्यालाही हे ठाऊक असते: छाती फोडून बोलल्याने मागच्या रांगेला ऐकू जात नाही, व्यंजने स्पष्ट काढल्याने जाते.

काहीजण याच जागी तेवढ्याच मापाचा, पण दसपट किमतीचा कंडेन्सर बसवतात आणि डोळे मिटून ऐकतात. माझा त्यावर विश्वास नाही. ते पैसे लाउडस्पीकरात घालावेत. वॉट दुप्पट केले तर आवाज फक्त तीन डेसिबलने वाढतो. तेवढी वाढ अधिक संवेदनशील लाउडस्पीकर आतल्या एकाही सांध्याला हात न लावता देतो. दहा किंवा बारा इंचांचा, वेगळ्या खोक्यात, ओहम जुळवून जोडा. लाउडस्पीकर न जोडता मात्र व्हॉल्व्हचे यंत्र कधीही चालवू नये, ट्रान्सफॉर्मर जळतो. कॅलिफोर्नियातच 1960चे दशक संपता संपता रँडल स्मिथ या दुरुस्ती करणाऱ्याने फेंडरचाच 'प्रिन्स्टन' हा छोटा अ‍ॅम्प्लिफायर घेतला, आत मोठ्या यंत्राची रचना भरली आणि बारा इंचांचा लाउडस्पीकर कोंबला. केले थट्टेने. त्या थट्टेतून 'बूगी' अ‍ॅम्प्लिफायरांचा कारखाना उभा राहिला.

आता माझ्या धंद्यातले बोलतो. या छोट्या पेटीत तीनशेहून अधिक व्होल्ट असतात. घरच्या विजेपेक्षा जास्त. आणि प्लग काढला म्हणजे ते जातात असे नव्हे; मोठ्या कंडेन्सरांत ते दबा धरून बसतात. ते कंडेन्सर रेझिस्टन्समधून चॅसीसवर रिकामे करायचे, मीटरने खात्री करायची, मगच आत बोट घालायचे. चालू यंत्रात मोजमाप घेताना एक हात पाठीमागे ठेवायचा. घरात कोणी नसताना उघडायचे नाही. आणि अमेरिकेतून आलेले यंत्र आपल्या 230 व्होल्टांत खुपसायचे नाही, त्याला 120चा ट्रान्सफॉर्मर लागतो. कारखान्यात ज्या गोष्टींसाठी आम्ही व्यवस्थापनाशी भांडतो त्या घरच्या टेबलावर तुम्ही स्वतःला फुकट द्यायला काय हरकत आहे?

अशी जुनी पेटी उघडली म्हणजे आत चिकटपट्टीचा एक तुकडा सापडतो. त्यावर एका बाईचे नाव असते, फक्त पहिले. फेंडरच्या कारखान्यात तारा जुळवण्याचे काम बायका करीत, त्यांत मेक्सिकन कुटुंबांतल्या पुष्कळ. जिने जुळवले तिने नाव घालायचे; काम तपासताना उपयोगी पडावे म्हणून असेल. पण साठ वर्षांनी तो सांधा अजून धरून आहे, आणि नावही आहे. 1965 साली हा कारखाना सीबीएस कंपनीने एक कोटी तीस लाख डॉलरना विकत घेतला. त्या रकमेत त्या पट्ट्यांची किंमत कोणी धरली होती असे दिसत नाही.

मी ज्या कारखान्यात होतो, त्याचे नाव घेत नाही, तेथे यंत्राला हात लावायला कामगाराला मनाई होती. बेअरिंगचा आवाज बदलला की तो आम्हाला दोन दिवस आधी कळे. सांगितले तर साहेब म्हणत, तक्त्यात तसे काही नाही. तिसऱ्या दिवशी यंत्र बंद. फेंडरने गिटार न येता चांगले यंत्र केले, कारण वाजवणाऱ्याचा कान त्याने तक्त्याच्या वर धरला. हा फरक मला पगाराच्या फरकाइतकाच महत्त्वाचा वाटतो. आजच्या स्वस्त पेट्यांत सगळे एका छापील पट्टीवर डकवलेले असते, व्हॉल्व्हची बैठकसुद्धा. एक सांधा सुटला तर अख्खी पट्टी बदला म्हणतात. जुन्या चँपचा प्रत्येक भाग सुटा दिसतो, हाती लागतो. उघडता येण्यासारखी वस्तू करणे ही करणाऱ्याने वापरणाऱ्याला दाखवलेली इज्जत आहे.

मुले विचारतात, व्हॉल्व्ह कोठे मिळतील? बंगळूरला भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये 1961पासून ते होत असत; ते काम बंद झाले, पण जुना माल मुंबईच्या चोरबाजारात अजून क्वचित हाती लागतो. नवे स्लोव्हाकिया, रशिया आणि चीनमधून येतात. पहिल्या जागी 12एएक्स7 असतो. तो फार चढेल वाटला तर त्याच बैठकीत 12एवाय7 बसतो. त्याची वाढ शंभराऐवजी चव्वेचाळीस.

आणि बदल करण्याआधी दुरुस्ती करा. जुने वीजसाठ्याचे कंडेन्सर वाळलेले असतील तर बाकीचे सगळे व्यर्थ. मग एका वेळी एकच बदल, आणि आठ दिवस वाजवून पाहणे. काढलेला भाग फेकू नका. माझ्याकडे ते काड्यापेटीत असतात. वर तारीख आणि कोठून काढला ते लिहिलेले. पेटी मी आज बरोबर आणली आहे, एक तरुण मित्र गिटार घेऊन बसले आहेत. ते आधी बटण खाली ठेवून वाजवतील, मग वर करून. कोणते चांगले ते तुम्ही सांगा.