जठरांतील व्रण आणि सकाळची गोळी

बदलापूर, अंबरनाथ वा उल्हासनगरचा चाकरमानी पहांटेच मुंबईची गाडी गांठतो. उपाशीपोटीं चहा, डोकें दुखलें कीं वेदनाशामक गोळी, आणि पोटांत जळजळ होऊं लागली कीं दुकानांतून पँटोप्राझोल! हिच्या पाकिटावरील तांबडी रेघ सांगते कीं चिठ्ठीवांचून ही देऊं नये. पण घाईंत ती पाहतो कोण?

व्रणाचा दोष लोक तिखटमिठावर ठेवतात. मुख्य कारणें निराळींच: हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतु आणि अॅस्पिरिन, आयबुप्रोफेन यांसारख्या गोळ्या. ऑस्ट्रेलियांत १९८२ सालीं हा जंतु वाढवून दाखविणाऱ्या वॉरन व मार्शल यांना २००५ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. पँटोप्राझोल अम्ल रोखून जखमेस भरून येण्यास अवसर देतें. एकट्यानें जंतूचा नाश करीत नाहीं. जंतु आढळल्यास डॉक्टर जोडीला बहुधा १४ दिवस प्रतिजैविकें देतात. चौथ्या दिवशीं पोट शांत झालें म्हणून तीं सोडलीं, तर जंतु उरतो आणि पुढें औषधासही दाद देईनासा होतो.

गोळी न चावतां, न कुटतां, न्याहारीपूर्वीं अर्धा तास गिळावी. म्हणजे उठतांच गोळी, आणि घर सोडण्यापूर्वीं चार घांस. गोळी घेऊन मुंबईपर्यंत उपाशी जाणाऱ्यास गुण उणा येतो. हृदयासाठीं दिलेली अॅस्पिरिन मात्र डॉक्टरांस विचारल्यावांचून बंद करूं नये.

शौचास डांबरासारखें काळें झालें वा उलटींत रक्त दिसलें, तर गोळी शोधीत न बसतां उल्हासनगरचें मध्यवर्ती रुग्णालय किंवा जवळचें मोठें रुग्णालय त्याच घटकेस गांठावें.