गांजाची पेये आणि भागधारकांचा पैसा

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)



टोरंटोस स्थायिक झालेल्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने मला विचारले आहे, "सर, गांजाची पेये काढणाऱ्या कंपन्यांचे शेअर मातीमोल झाले आहेत, घेऊन ठेवू का?" हा प्रश्न परदेशातला म्हणून सोडून देता येत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार आज पुण्यातला नोकरदारही वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम परदेशी पाठवू शकतो, आणि तिकडचे शेअर घेऊही शकतो.

कॅनडाने १७ ऑक्टोबर २०१८ रोजी गांजाची विक्री कायदेशीर केली. त्याआधीच, ऑगस्टमध्ये, अमेरिकेत कोरोना बिअर विकणाऱ्या कॉन्स्टेलेशन ब्रँड्सने कॅनोपी ग्रोथ या कंपनीत आणखी ५ अब्ज कॅनेडियन डॉलर घालण्याचे जाहीर केले होते. मोल्सन कूर्सने हेक्सोशी भागीदारी केली. कॅनोपीचा शेअर त्या ऑक्टोबरात ७० डॉलरांवर गेला. पेये विकण्याची परवानगी मात्र तेव्हा नव्हतीच! त्यांचे नियम अमलात आले १७ ऑक्टोबर २०१९ रोजी. आणि आपली पेये ठरल्या वेळी येणार नाहीत, असे कॅनोपीला जानेवारी २०२० मध्ये सांगावे लागले.

का? गांजातील मादक द्रव्य स्निग्ध पदार्थात विरघळते, पाण्यात नाही. आपल्याकडे भांग दुधात घोटतात, त्यात हे शहाणपण आहेच. पाण्यासारखे पेय करायचे तर त्या तेलाचे अतिसूक्ष्म थेंब करून ते पाण्यात टिकवावे लागतात. आणि इतके करूनही डब्याच्या आतले अस्तर ते द्रव्य शोषून घेते, म्हणजे वेष्टनावरचा आकडा खोटा ठरण्याची भीती.

त्यावर सरकारी नियम. एका डब्यात १० मिलिग्रॅमहून अधिक द्रव्य नको, मद्याशी मिश्रण नको, जाहिरातीवर कडक बंधने, आणि इतर खाद्यपेये होतात त्या इमारतीत हे पेय करायचे नाही. बिअरवाल्यांचे सारे बळ त्यांच्या तयार कारखान्यांत आणि जाहिरातींत. या नियमांनी ते दोन्ही बाद झाले. सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने हे नियम मला रास्त वाटतात. एक मात्र निव्वळ अडाणीपणाचा होता: ३० ग्रॅम वाळलेला गांजा बाळगण्यास मुभा, पण त्याच हिशेबाने पेयाचे डबे फार तर पाच. तो डिसेंबर २०२२ मध्ये सुधारला.

कंपन्या नियमांना दोष देतात. पण या नियमांचा मसुदा डिसेंबर २०१८ मध्येच प्रसिद्ध झाला होता. वाचणाऱ्याला तो वाचता येत होता. पैसा आला होता तो मालाच्या हिशेबाने नव्हे, पुढचा गिऱ्हाईक अधिक भाव देईल या आशेने.

ओंटॅरिओतील स्मिथ्स फॉल्स या छोट्या गावी हर्शीचा चॉकलेटचा कारखाना २००८ मध्ये बंद पडला होता. त्याच इमारतीत कॅनोपी आली आणि गावाला पुन्हा उभारी आली. फेब्रुवारी २०२३ मध्ये कॅनोपीने सुमारे ८०० नोकऱ्या कमी करण्याचे जाहीर केले, त्यात ही इमारतही सोडली. ती त्याच वर्षी हर्शीनेच परत विकत घेतली. कॉन्स्टेलेशनने २०२२ मध्ये एक अब्ज डॉलरांहून अधिक रक्कम तोट्यात लिहिली, पण तिची बिअर चालूच राहिली. मोल्सन कूर्सने २०२३ मध्ये आपला वाटा टिलरेला विकून टाकला. बड्यांना बाहेर पडण्याचा दरवाजा असतो. कामगाराला आणि किरकोळ भागधारकाला तो कुठला?

नंतर आशेने मुक्काम अमेरिकेत हलवला. मिनेसोटा राज्याने २०२२ मध्ये हेम्पपासूनच्या मादक पेयांना वाट दिली. पण नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकी काँग्रेसने एका डब्यात ०.४ मिलिग्रॅमची मर्यादा घालणारा कायदा केला, वर्षभराने लागू होईल असा. म्हणजे धंद्याचे आयुष्य पुन्हा राजधानीतल्या मतदानावर.

विद्यार्थ्याला मी कळवले आहे की, डिसेंबर २०२३ मध्ये कॅनोपीने जुन्या दहा शेअरांचा एक केला, तेव्हा आजचा भाव ७० डॉलरांशी ताडताना आधी दहाने भाग. मग नफ्यातोट्याचा पत्रक बघ, आणि कंपनी नवे शेअर काढून त्यावर दिवस ढकलते आहे का, तेही. त्याने आधीचे शेअर कोणत्या भावाने घेतले होते ते मी विचारले. त्याचे उत्तर त्याने अजून दिलेले नाही.