गाडीतील विजेचा ताळेबंद

रायपूरच्या जयस्तंभ चौकात रात्री एखादी मोटार येऊन थांबते. आत गाणे दणाणत असते आणि ढोलाच्या प्रत्येक ठोक्यासरशी तिचे पुढचे दिवे मंदावतात. श्रोतेहो, ती शोभा नव्हे. ती विजेची तूट होय.

हिशेब सोपा आहे. अॅम्प्लिफायरने १२ व्होल्टांवर १००० वॅट ओढले, म्हणजे सुमारे ८३ अँपिअर झाले. लहान मोटारीचा अल्टरनेटर भर वेगातही जेमतेम तेवढेच देतो. गाडी उभी असता त्याहून कमी. शिवाय दिवे, पंखे व इंजिन यांचा खर्च त्यातूनच भागवावयाचा. दुसरी बॅटरी बसविल्याने ही तूट भरून निघत नाही. बॅटरी ही शिल्लक आहे, मिळकत नव्हे. मिळकत वाढवावयाची तर मोठा अल्टरनेटर हवा, तो प्रवाह पेलणाऱ्या जाड तांब्याच्या तारा हव्यात आणि बॅटरीलगत फ्यूज हवा. बारीक तार तापते, तिचे वेष्टन वितळते, आणि फ्यूज नसल्यास गाडी पेट घेऊ शकते.

एवढे करूनही एक मर्यादा उरतेच. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी वस्तीस रात्री ४५ डेसिबलांची मर्यादा घातली आहे. तारेची काळजी घेणाऱ्याने शेजाऱ्याच्या झोपेचीही घ्यावी.